‘शाश्वत’ म्हणजे कोणाचे?
पश्चिम घाटावरील दोन अहवालांचे परीक्षण

शब्दांचेही दिवस असतात. एखादा शब्द पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रग्रंथांत स्वस्थ पडून असतो, आणि मग एकाएकी सरकारी ठरावांत, कारखान्यांच्या ताळेबंदांत, विद्वानांच्या परिषदांत व घरबांधणीच्या जाहिरातींत तो असा संचार करू लागतो की, त्याचे कुळशील विचारण्याची कोणास आठवणही राहत नाही. ‘शाश्वत’ या शब्दाची गत हल्ली अशीच झाली आहे. गीतेत जे विशेषण आत्म्यास लावले, ते आज आपण विकासास, शेतीस, पाणीपुरवठ्यास आणि रस्त्यांसही लावतो. ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर, जेथे घोडबंदरचा रस्ता हमरस्त्यास मिळतो, तेथून पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत, पूर्वेकडे खाडी आहे, आणि या दोहोंच्या मध्ये इमारतींची दाटी वर्षागणिक उंच होत चालली आहे. यांपैकी शाश्वत काय राहावयाचे, असा साधा प्रश्न केला तर वनाधिकारी, नगररचनाकार, खाडीवरचा कोळी व येऊरच्या पाड्यावरचा आदिवासी हे चौघे चार उत्तरे देतील; आणि चौघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतील.

या चार उत्तरांस एकत्र बसवावे, निरनिराळ्या शास्त्रांच्या अभ्यासकांनी एका पंगतीस येऊन त्यांचा मेळ घालावा, ही कल्पना आज सर्वत्र मान्य आहे. १९८७ साली ब्रुंटलँडबाईंच्या अध्यक्षतेखालील आयोगाने, पुढच्या पिढ्यांच्या गरजांस बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, अशी शाश्वत विकासाची व्याख्या केली. तेव्हापासून जीवशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व कायदा यांच्या संयुक्त समित्यांस तोटा राहिलेला नाही. परंतु अनेक विद्वान एका मेजाभोवती बसले म्हणजे अनेक विद्या एकत्र आल्या, असे मात्र नव्हे. आपल्या सह्याद्रीवर असा प्रयत्न दोनदा झाला, दोन्ही वेळी त्याचे अहवाल झाले, आणि त्यांच्या निकालावर हजारो गावांचे भवितव्य टांगलेले राहिले. हे अहवाल शासकीय कागद म्हणून पुष्कळांनी चाळले. विचारांचे ग्रंथ म्हणून ते फारसे कोणी वाचलेले दिसत नाहीत. ते वाचन आम्ही येथे करू इच्छितो.

आमची कसोटी शाळेतल्या व्याकरणाची आहे. ‘निसर्ग जपला जावा’, ‘साधनसंपत्ती राखली जावी’, या घाटाची वाक्ये अशा लेखनात पानोपानी भेटतात. कर्मणि प्रयोगाची सोय अशी की, त्यात कर्ता लपविता येतो. म्हणून शाश्वततेचे कोणतेही विधान पुढे आले की आम्ही तीन प्रश्न विचारतो : काय राखावयाचे, कोणासाठी राखावयाचे, आणि राखणारा कोण? ज्या लेखनात ही तिन्ही पदे स्पष्ट आहेत ते लेखन, मग ते आम्हांस मान्य असो वा नसो, प्रामाणिक होय.

या दृष्टीने पाहता ठाणे जिल्ह्यास या वादाचा जुना वारसा आहे. वन टिकाऊ राहील इतकीच तोड करावी, हा विचार जर्मनीतला. सॅक्सनीतील खाणींच्या भट्ट्यांस लाकूड कमी पडू लागले, तेव्हा तेथील खाणखात्याचे अधिकारी कार्लोविट्झ यांनी १७१३ साली तो ग्रंथरूपाने मांडला. १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झालेले ब्रँडिस हेही जर्मनच, आणि त्यांच्याबरोबर ती विद्या येथे आली. तीत कर्म स्पष्ट होते, ते म्हणजे लाकूड. कर्ताही स्पष्ट होता, तो म्हणजे सरकार. पण ठाण्याच्या व कुलाब्याच्या डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याचा व्यवहार निराळाच होता. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण व गवत यांचे थर वाफ्यावर रचून ते पावसाळ्यापूर्वी भाजावयाचे आणि त्या राबावर भाताचे वा नाचणीचे रोप वाढवावयाचे, ही त्याची रीत. वनखात्यास त्या डहाळीत झाडाचा नाश दिसे, तर शेतकऱ्यास तीत पुढल्या वर्षाचे अन्न दिसे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, कुरणे व राने बंद करून शेतकऱ्याचे गुरेढोर उपाशी मारणाऱ्या या खात्यावर कोरडे ओढले आहेत, ते याच काळातले. तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई सरकारास १८८५ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

यातला एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे शेतीच्या पाहणीसाठी विलायतेहून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाचा विचार केला, तेव्हा ती अडाण्यांची खोड म्हणून झटकून टाकली नाही. त्यावर झालेल्या प्रयोगांच्या आधारे तिचा गुण तपासला. वनशास्त्राने जे पाप ठरविले होते, त्याकडे दुसऱ्या एका शास्त्राने निराळ्या डोळ्यांनी पाहिले. निरनिराळ्या विद्यांच्या भेटीचा खरा लाभ हाच. एका विद्येच्या आंधळेपणाचे माप दुसरीस घेता येते. मात्र ज्याच्या वाफ्यावर हे सर्व चालले होते, तो शेतकरी या दोन्ही शास्त्रांच्या लेखी साक्षीदारच राहिला. अभ्यासक म्हणून त्यास कोणी आसन दिले नाही.

ते आसन देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात पुढे ज्यांनी केला, त्यांत माधव गाडगीळ हे नाव ठळक आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे हे चिरंजीव. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे यांच्या सहवासाचा संस्कारही त्यांच्यावर लहानपणीच झालेला. १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची देवराई वनखात्याने तोडीसाठी धरली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्तकांकडे धाव घेतली. खात्याच्या दृष्टीने ते वय झालेले लाकूड होते. गावाच्या दृष्टीने ओढ्याचे पाणी त्या राईच्या आधाराने टिकून होते. देवाच्या धाकाने राखलेल्या रानामागे पाण्याचा हिशेबही आहे, ही गोष्ट गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांस सांगितली आणि शास्त्रज्ञांनी ती मानली. येथे आमचे तिन्ही प्रश्न सुटतात : राखावयाची ती राई, राखावयाची ती ओढ्याकाठच्या वस्तीसाठी, आणि राखणारे गाव. तथापि देवराईचे नुसते गोडवे गाणे हेही बरे नव्हे. ‘गाव’ म्हणजे गावातले सगळेच, असा अर्थ आपल्याकडे क्वचितच झाला आहे. राईचे नियम घालणारे कोण आणि पाळणारे कोण, हे विचारल्यावाचून ‘राखणारे गाव’ हे पदही अर्धेच कळते.

ही उणीव त्यांच्या पुढील एका सहकार्यात अधिकच उघडी पडली. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्यासह गाडगीळांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जातींचा अभ्यास केला. फासेपारधी, वैदू व नंदीवाले हे एकाच मुलखात शिकार करीत असता प्रत्येकाचे सावज व पद्धत निराळी असते : एक फासे लावून हरणे व पाखरे धरतो, दुसरा लहान जनावरे व पाण्यातले जीव पकडतो, तिसरा कुत्र्यांच्या साहाय्याने साळू, घोरपड व रानडुक्कर मारतो. हे निरीक्षण मोलाचे आहे. त्यावरून १९८३ साली त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, जातिव्यवस्थेने निसर्गातील साधने वाटून दिल्यामुळे जो तो आपला वाटा जपून वापरी आणि साधने टिकत. अरण्यात निरनिराळ्या पक्ष्यांनी निरनिराळी फळे वाटून घ्यावीत, तशीच ही वाटणी. आमच्या मते येथे एका विद्येने दुसरीस गिळले. पाखरास आपल्या फांदीवर कोणी बसविलेले नसते. पारध्यास त्याच्या जागी बसविणारे हात माणसांचे होते, आणि ते हात दिसावेत याकरिताच तर समाजशास्त्र हवे होते. जातीने साधने टिकविली असतीलही, पण त्याबरोबर तिने उपासमार व अपमानही टिकविला. मग ‘शाश्वत’ हे विशेषण आपण नेमके कशास देत आहो? इतिहास व समाजशास्त्राचे अभ्यासक रामचंद्र गुहा यांच्या सोबतीने १९९२ साली लिहिलेल्या हिंदुस्थानच्या पर्यावरणीय इतिहासात गाडगीळांची मांडणी पुष्कळ अधिक सावध आहे. वनांवरील हक्कांचे झगडे, साम्राज्यसत्तेने केलेली कोंडी व तिच्याविरुद्धचे उठाव यांना तेथे मध्यवर्ती जागा मिळाली. या ग्रंथात जीवशास्त्रज्ञास इतिहासकार खरोखरीच अडवितो, आणि ग्रंथाचे बळ त्या अडविण्यात आहे.

आता ज्यासाठी हा प्रपंच, त्या अहवालांकडे वळू. केंद्र सरकारने २०१० च्या मार्चमध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार, जीवशास्त्रज्ञ रेने बोर्जेस, अर्थशास्त्रज्ञ लिजिया नोरोन्हा, निलगिरीतील वकील बी. जे. कृष्णन असे निरनिराळ्या विद्यांचे सभासद तीत होते. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. तो सरकारने दडवून ठेवला, आणि माहितीच्या अधिकाराचा झगडा न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१२ च्या मेमध्ये तो लोकांपुढे आला. समितीने सुमारे १ लक्ष २९ हजार चौरस किलोमीटरचा सारा घाट संवेदनशील मानला, त्यावर साधारण नऊ किलोमीटर बाजूच्या सुमारे २,२०० चौकटी आखल्या, आणि त्यांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत नवीन खाणी व मोठी धरणे नकोत, पुढील श्रेणींत बंधने क्रमाने सैल, अशी ही रचना होती.

या अहवालाचा मोठा गुण आम्हांस असा दिसतो की, त्यात राखणाऱ्याचे नाव आहे. या श्रेणी सुचविलेल्या आहेत, लादलेल्या नाहीत. त्यांचा अखेरचा निर्णय ग्रामसभांत व्हावा, असे समितीने वारंवार म्हटले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस गावांनी, खाणींच्या धास्तीने, आपण होऊन संवेदनशील क्षेत्रात जाण्याचे ठराव केले, याची नोंद त्यात आहे. लोकांस निसर्ग नको असतो, या सोयीस्कर समजुतीस तेवढे उत्तर पुरेसे आहे. पण गुणाइतकाच त्याचा दोषही ठळक आहे. ग्रामसभेने ठरवावे असे सांगणाऱ्या ग्रंथानेच काय करावे व काय करू नये यांची लांबलचक कोष्टके आधी छापली. वाचणाऱ्याने प्रस्तावना सोडून कोष्टकच वाचले, यात नवल ते काय? ग्रंथ इंग्रजीत, चौकटी अक्षांश-रेखांशांच्या, आणि सभासदांत बहुसंख्य निसर्गशास्त्राचे. आपले घर कोणत्या चौकटीत येते हे शेतकऱ्यास कळण्यापूर्वीच, तुझे घर जाणार, असे सांगणारे लोक त्याच्या दारी पोहोचले. २०१३ साली केरळात उसळलेल्या क्षोभात स्वार्थी लोकांचा हात असेलही. पण ज्या लोकांस समिती कर्ता म्हणत होती, त्यांच्याशी ती कर्त्याच्या भाषेत बोलली नाही, हा दोष ग्रंथाचाच होय.

पुढे अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ चा. हीही मंडळी अनेक विद्यांची होती. अर्थशास्त्रज्ञ कांचन चोप्रा तीत होत्या. तिने घाटाची व्याप्ती सुमारे १ लक्ष ६४ हजार चौरस किलोमीटर धरली, उपग्रहांच्या चित्रांवरून तिचे दोन भाग केले, एक नैसर्गिक व एक माणसांच्या वावराचा, आणि एकंदर क्षेत्राचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, संवेदनशील ठरविला. चौकटीऐवजी गाव हे परिमाण धरल्यामुळे आपण आत की बाहेर, हे ज्याचे त्यास कळू लागले. ही सुधारणा खरी आहे, आणि पहिल्या अहवालाच्या कैवाऱ्यांनी ती मान्य करावयास हवी. पण जेथे माणसे राहतात तेथे संस्कृती व जेथे ती राहत नाहीत तेथे निसर्ग, ही जी विभागणी तिने केली ती सह्याद्रीस लागू पडत नाही. देवराई कोणत्या रकान्यात घालावयाची? राबाचे झाड कोणत्या? हिरवा रंग टिपणाऱ्या यंत्रास रबराची लागवड व जुने रान यांतला फरक सांगणे अवघड जाते. ओढा कोणाच्या श्रद्धेने वाहता राहिला, हे तर ते सांगूच शकत नाही. गाडगीळांनी त्याच वर्षी कस्तुरीरंगन यांस उघड पत्र लिहून, स्थानिकांस निर्णयातून वगळल्याबद्दल तीव्र नापसंती कळविली. आमच्या व्याकरणाने सांगावयाचे तर, पहिल्या अहवालातला कर्ता अडखळत का होईना बोलत होता. दुसऱ्यात कर्त्याच्या जागी नकाशाची रेघ आली.

परिणाम काय झाला, तो सर्वांपुढे आहे. मार्च २०१४ त केंद्राने सहा राज्यांतील सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटरांच्या, त्यांत महाराष्ट्राच्या १७,३४० चौरस किलोमीटरांच्या, अधिसूचनेचा मसुदा काढला. तो मुदत संपली की पुन्हा निघे, आणि सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडच्या डोंगराने शेकडो माणसे गाडली होती. माळीण २०१४ सालची, इर्शाळवाडी २०२३ सालची. दरडी कोसळण्यास कारणे अनेक असतात, आणि अहवाल मानला असता तर त्या खास टळल्या असत्या, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु डोंगराविषयी डोंगरातल्या माणसाशी बोलण्याची रीत दहा वर्षांत बसू नये, ही गोष्ट डोंगराच्या पायथ्याशी मरणाऱ्यांच्या दृष्टीने लहान नव्हे.

मग अशी रीत कोठे बसलीच नाही काय? बसली आहे, पण ती समितीच्या मेजाभोवती नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले कार्यकर्ते व देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले जाणते यांनी ‘अभ्यास गट’ नावाची साधी संस्था चालविली. विषय गावाने काढावा, माहितगारास बोलवावे, ऐकावे, उलट विचारावे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यावा, अशी तिची पद्धत. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावास सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार त्याने बजावला. येथे विद्वान पाहुणा आहे व गाव यजमान आहे. लहान, एकजिनसी गावात जे साधले ते मोठ्या, जातीजातींत विभागलेल्या गावात तितक्या सहज साधणार नाही, हा आक्षेप आम्ही जाणतो. पण अभ्यास आधी आणि कोष्टक मागाहून, हा क्रम कोठेही पाळता येण्याजोगा आहे.

हा क्रम रानातल्या गावांपुरताच आहे, असे मात्र ठाणेकराने समजू नये. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मोठमोठ्या नळांनी मुंबईस जाते. अभियंत्याच्या हिशेबी हा पुरवठा शाश्वत आहे, आणि तानसाचे धरण १८९२ पासून उभे आहे, हे पाहता तो हिशेब खोटाही नव्हे. पण त्याच तालुक्यातले पाडे वैशाखात टँकरची वाट पाहतात. तेव्हा ‘शाश्वत पाणी’ या दोन शब्दांत कोणासाठी हे पद गाळलेले आहे, आणि ते गाळले म्हणूनच वाक्य गोड वाटते. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून बोरिवलीस जाणाऱ्या जोडबोगद्याचीही तीच कथा. २०२४ च्या जुलैत त्याच्या कामाचा आरंभ झाला. वाचणारे इंधन व वेळ यांचा एक हिशेब आहे, वरच्या झाडांस धक्का न लागण्याचा दुसरा आहे, आणि डोंगराच्या पोटातले झरे व पाड्यांचे पाणी यांचा तिसरा. तिन्ही हिशेब तीन शास्त्रांचे आहेत आणि तिघांनाही आपापल्या वहीत बेरीज जुळलेली दिसते. या वह्या एकमेकींसमोर उघडण्यासाठीच विद्यांचे सहकार्य हवे. तिन्हींवर एकच शिक्का मारण्यासाठी नको.

शेवटी शब्दाविषयी. ‘शाश्वत’ हा शब्द टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. रूढ झालेला शब्द हटकून जात नसतो. पण मराठीत ‘राखणे’ हे एक जुने, सकर्मक क्रियापद आहे. त्यापासून ‘राखण’ झाली आणि ‘राखीव’ही झाले. पहिल्या शब्दात जवळ राहून जपणे आहे, दुसऱ्यात कुंपण घालून दूर ठेवणे आहे. दीडशे वर्षे सह्याद्रीत जो वाद चालला आहे तो या दोन रूपांतलाच होय. सकर्मक क्रियापदाचा गुण असा की, ते उच्चारताच कोणी, काय, असे प्रश्न मनात उभे राहतात. यापुढे कोणतीही विद्वत्समिती शाश्वततेचा अहवाल सादर करील, तेव्हा तिने आपली मुख्य विधाने या साध्या क्रियापदात, कर्तरि प्रयोगात व लोकांच्या भाषेत एकवार लिहून पाहावीत. ज्या विधानांस कर्ता सापडणार नाही, ती तिने बेलाशक खोडावीत. एवढे केल्यास अहवाल पुष्कळ लहान होईल. पण जो उरेल, तो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांस वाचता येईल आणि त्याच्याशी भांडताही येईल.